सगळ्या कलमांवर टिक

आमच्या घरात थंडी पडली की पहिलं पांघरूण गाडीला मिळतं, माणसांचा नंबर नंतर लागतो.

हा नियम मी केला. घरातले बाकीचे नियम मंगल करते (मंगल म्हणजे आमची सौभाग्यवती), पण गाडीचं खातं माझ्याकडे. कारण मी सत्तावीस वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सचा फोरमन होतो. पुढं देशात नवं वारं आलं, बाहेरची यंत्रं आली, आणि एक दिवस कारखान्यानं आम्हाला स्वेच्छानिवृत्ती दिली. (स्वेच्छा त्यांची, निवृत्ती आमची!) निरोपाला नारळ, शाल आणि तीन पानी आभारपत्र मिळालं. त्यानंतर मी एक सेकंडहँड गाडी घेतली. रोज सकाळी उठून काहीतरी दुरुस्त करायची सवय होती हो, आणि मंगल स्वतःला हात लावू देईना.

गाडी जुन्या पद्धतीची होती. चोक ओढायचा, सेल्फ मारायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. उन्हाळ्यात ती पहिल्या झटक्यात सुरू व्हायची. डिसेंबर उजाडला की मात्र खोकायला लागायची. आता पुण्याची थंडी ती काय! आमच्या वरच्या मजल्यावर नागपूरचा एक विद्यार्थी राहायचा, गजानन. तो जानेवारीतही हाफ पँटमध्ये फिरायचा आणि म्हणायचा, "काका, थंडी तर आमच्याकडे राहते. हे तं पंखा लावून झोपायचं हवामान आहे." मी त्याच्याकडे दुर्लक्ष करायचो. माणूस इंजिनिअरिंगला असला म्हणून त्याला इंजिन कळतं असं नाही.

तर थंडीसाठी मी गाडीची एक यादी बनवली होती. कारखान्यात असायची तशी, रकाने आखून, कलमवार. संध्याकाळची कलमं : बॉनेटवर गोधडी घालणे. बॅटरी काढून घरात आणणे. (ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाटावर बसायची. फरशी गार असते ना! आमच्याकडे जावयाला मिळणार नाही असा मान त्या बॅटरीला होता.) चारही प्लग काढून आणणे. सायलेन्सरच्या तोंडात बोळा घालणे, म्हणजे दमट हवा आणि उंदीर आत जात नाहीत. सकाळची कलमं याच्या उलट : गोधडी काढणे, बॅटरी जोडणे, प्लग तव्यावर गरम करून बसवणे, बोळा काढणे. प्रत्येक कलमासमोर चौकोन, आणि काम झालं की त्यात टिक.

"अहो, तव्यावर प्लग?" पहिल्या दिवशी मंगल ओरडली होती.

"जुनी युक्ती आहे. गरम प्लगनं गाडी पटकन लागते."

"आणि पोळ्यांना पेट्रोलचा वास लागतो, तो कोणी खायचा?"

शेवटी प्लगना वेगळा तवा मिळाला. चांगला, बिडाचा. पोळ्यांचा तवा मात्र तोच राहिला, कान तुटलेला.

आता खरी गोष्ट. आमची अश्विनी कॉम्प्युटर इंजिनिअर झाली, तेव्हा सगळे म्हणाले, पोरीनं नशीब काढलं. कॉलेजातच एका कंपनीचं ऑफर लेटरही आलं. आणि त्याच वर्षी त्या सगळ्या कंपन्यांना एकदम मंदी आली! लेटर होतं, बोलावणं नव्हतं. वर्षभर पोरगी घरात होती. पहिल्या तीन महिन्यांत नातेवाईक विचारत, "कधी जॉइन होणार?" नंतर ते विचारायचे बंद झाले, आणि ते जास्त वाईट होतं. घरात बिनकामाची माणसं दोन. एक मी आणि एक ती. सकाळचा पेपर आधी कोणी घ्यायचा यावरून आमची भांडणं व्हायची. नोकरीच्या जाहिरातींचं पान ती घ्यायची. मी म्हणायचो मला कोडं सोडवायचंय, पण खरं सांगायचं तर मीही तेच पान बघायचो.

आणि जानेवारीत तिला हिंजवडीहून इंटरव्ह्यूचा फोन आला. सकाळी साडेआठ वाजता, ओरिजिनल सर्टिफिकेट्स घेऊन.

"मी स्कूटीनं जाते," अश्विनी म्हणाली.

"एवढ्या थंडीत? नाक लाल, केस पिंजारलेले! समोर बसलेल्यांना वाटेल मुलगी रडत आली. मी सोडतो गाडीनं."

"बाबा, तुमची गाडी..."

"माझ्या गाडीचं काय?"

ती आत निघून गेली. मग मी पाणी प्यायला म्हणून आत गेलो, तेव्हा मंगलचं बोलणं कानावर आलं. ती हळू आवाजात अश्विनीला म्हणत होती, "नेऊ दे गं त्यांना. तेवढंच."

तेवढंच! सत्तावीस वर्षं ज्यानं कारखान्याची धडधड थांबू दिली नाही, त्याच्यासाठी 'तेवढंच'! मला इतका राग आला की पाणी न पिताच बाहेर आलो. राग आला म्हणतो, पण रागाच्या खाली जे होतं त्याला काय म्हणतात ते मला माहीत आहे. इथं लिहीत नाही.

त्या संध्याकाळी मी यादी जरा जास्तच मनावर घेतली. गाडीखाली झोपलो, वर आलो, नट आवळले, सैल केले, पुन्हा आवळले. बोळ्याचं नेहमीचं बनियन मंगलनं वास येतो म्हणून धुवायला टाकलं होतं. मग हाताला लागेल ते कापड दुधाच्या रिकाम्या पिशवीत कोंबलं आणि केरसुणीच्या दांड्यानं चांगलं ठासून सायलेन्सरमध्ये बसवलं. आमच्या खात्यात काम कच्चं नसायचं. अश्विनीनं माझ्याकडे दिलेली सर्टिफिकेटांची फाइल उद्या विसरायला नको म्हणून आत्ताच मागच्या सीटवर नेऊन ठेवली.

आणि मग मी ती गोष्ट केली. सकाळी घाई होईल, वेळ वाया जायला नको, म्हणून मी सकाळच्या सगळ्या कलमांवर संध्याकाळीच टिक करून टाकली.

हसू नका. आमच्या कारखान्यात हीच पद्धत होती! बाहेरचे तपासनीस सर्टिफिकेट द्यायला यायचे, त्याच्या आदल्या दिवशी आम्ही चहा पीत पीत पुढच्या अख्ख्या आठवड्याच्या टिक मारून ठेवायचो. तपासनीस खूश, साहेब खूश. सर्टिफिकेट चौकटीत लावून गेटजवळ टांगलं होतं. कारखाना बंद झाला त्या दिवशीसुद्धा ते तिथंच होतं, काच पुसलेली.

सकाळी साडेसहा. मी आंघोळ करून तयार. "मंगल, माझी कानटोपी कुठंय?"

"मला काय विचारता? काल डोक्यावर होती."

"डोक्यावर असती तर विचारलं असतं का?"

कानटोपी सापडली नाही. खुंटी बघितली, कपाट बघितलं, बॅटरीचा पाटही उचलून बघितला. शेवटी मंगलनं स्वतःचा स्कार्फ माझ्या डोक्याला बांधला, हनुवटीखाली गाठ मारून. जांभळा, फुलाफुलांचा. मी तसाच बॅटरी कडेवर घेऊन जिना उतरलो. खाली तळमजल्याचे दामले उभे होते. दामले म्हणजे निवृत्त शिक्षक, हातात चांदीच्या मुठीची काठी, आणि जिभेला कायम टोक काढलेलं.

"फोरमनसाहेब, बाळ कोणाचं?" त्यांनी बॅटरीकडे बघून विचारलं.

मी गोधडी काढली, बॅटरी जोडली. वरून मंगल सांडशीत एकेक गरम प्लग धरून आणत होती. "हा तिसरा. चौथा अजून भाजायचाय!" ती जिन्यातून ओरडली. दामल्यांनी हात जोडले.

चारही प्लग बसले. अश्विनी खाली आली. इस्त्रीचा ड्रेस, पांढरी ओढणी, खांद्याला पर्स. इतकी सुरेख दिसत होती पोरगी की मला दोन मिनिटं चोक कुठंय ते आठवेना. ती बसली. मी सेल्फ मारला.

खर्र, खर्र, खर्र... फुस्स.

"मंगल, यादी वाच!"

मंगलनं चष्मा लावला. "बॅटरी जोडली?"

"टिक आहे?"

"आहे."

"पुढं!"

"गोधडी काढली? टिक आहे. प्लग? टिक आहे. बोळा..."

"टिक आहे का नाही तेवढं सांग!"

"आहे हो, सगळ्यांवर आहे!"

"मग प्रश्नच नाही," मी म्हणालो, आणि चोक आणखी ओढला. गाडी एकदा गुरगुरली, दोनदा शिंकली आणि पेट्रोलचा भपका सोडून गप्प झाली. ओव्हरफ्लो! म्हणजे चारही प्लग पुन्हा काढा, पुन्हा वर न्या, पुन्हा तव्यावर वाळवा. मंगल पळाली. सात वाजून गेले.

"बाबा, मी स्कूटी काढते," अश्विनी म्हणाली.

पण आमच्या इमारतीचं पार्किंग म्हणजे एक अरुंद पॅसेज. आत भिंतीशी स्कूटी, तिच्या पुढं गाडी. स्कूटी बाहेर यायची तर आधी गाडी बाहेर यायला हवी. आणि गाडी ढकलतच बाहेर येणार, हे आता सगळ्यांना दिसत होतं. मला सोडून.

"पाच मिनिटं," मी म्हणालो.

"बाबा, साडेआठला आहे."

"पाच मिनिटं म्हणालो ना!"

भाजलेले प्लग आले, बसले, सेल्फ मारला. खर्र, खर्र, खर्र... फुस्स. आता बॅटरीही धापा टाकायला लागली. वरून गजानन उतरला, अर्थातच हाफ पँटमध्ये. "काका, धक्का मारून पाहू नं."

मग धक्का! मी स्टिअरिंगवर. मागं गजानन, मंगल आणि माझी इंटरव्ह्यूला निघालेली मुलगी. दामले काठीनं दिशा दाखवत होते, "डावीकडं घ्या, आपलं डावं, फोरमनसाहेब, गाडीचं नव्हे!" गाडी पॅसेजमधून बाहेर आली, गल्लीत आडवी झाली आणि तिथंच अडली. पलीकडून शाळेची रिक्षा आली. आत दहाबारा पोरं कोंबलेली. रिक्षावाल्यानं भोंगा धरला तो सोडलाच नाही. मागून दुधाचा टेम्पो आला. सदाशिव पेठेत एवढी गर्दी गणपतीतच होते! आणि सगळ्यांच्या मधोमध मी, डोक्याला बायकोचा जांभळा स्कार्फ.

"ओ काकू, गाडी काढा!" रिक्षावाला ओरडला. तो मलाच काकू म्हणतोय हे कळायला मला जरा वेळ लागला.

गाडी खाली उतारावर ढकलली. गिअर टाकला, क्लच सोडला. ती हिसका देऊन खोकली आणि मेली. पुन्हा वर ओढली, पुन्हा सोडली, पुन्हा मेली. तिसऱ्यांदा मी आरशात बघितलं. अश्विनी ओढणीनं हात पुसत होती. पांढऱ्या ओढणीवर पाच बोटं काळीकुट्ट उमटली होती.

ती माझ्या खिडकीशी आली. रडत नव्हती. रडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

"बाबा, बाजूला व्हा," ती म्हणाली.

कारखान्यानंसुद्धा हेच सांगितलं होतं, पण त्यांना तीन पानं लागली होती. मी खाली उतरलो. गजानननं गाडी कडेला लावली. अश्विनीनं ओढणी काढून माझ्या हातात दिली, मंगलची शाल गळ्याला गुंडाळली, स्कूटी काढली आणि गेली. गल्ली मोकळी झाली. जाताना रिक्षातल्या पोरांनी मला टाटा केला.

मी गाडीच्या मागं उभा होतो. दामले शांतपणे पुढं आले, वाकले आणि काठीचं टोक सायलेन्सरमध्ये घालून फिरवलं.

"फोरमनसाहेब, इथं काय आहे?"

"काही नाही. बोळा काढलाय. टिक आहे."

"असं? मग टिक बरीच लोकरीची दिसते." आणि त्यांनी काठीच्या टोकानं दुधाची पिशवी ओढून काढली. पिशवीतून माझी कानटोपी बाहेर आली. गाडीखाली झोपताना मी ती काढून बाजूला ठेवली होती. गजाननकडे बघण्याची माझी हिंमत झाली नाही. दामल्यांनी टोपी झटकली आणि दोन्ही हातांनी मला दिली, नारळ देतात तशी.

 मंगलनं नुसतं यादीकडे बघितलं, घडी घातली आणि माझ्या खिशात ठेवली.

मी गाडीत बसलो. बॅटरीत एक शेवटचा दम उरला होता तेवढ्यावर सेल्फ मारला. पहिल्या झटक्यात सुरू! काय तो आवाज! शिवणयंत्रासारखी मऊ. मी आनंदानं मागं वळून बघितलं, आणि मागच्या सीटवर फाइल होती. अश्विनीची सर्टिफिकेट्स. ओरिजिनल.

मग मात्र मी गाडी अशी सोडली की विचारू नका. विद्यापीठाचा चौक, बाणेर रस्ता, हायवे. काळी टोपी डोक्यावर, फाइल शेजारच्या सीटवर. खरं सांगतो, मला आत कुठंतरी बरं वाटत होतं. विसरली ना फाइल! शेवटी बापच लागला ना! मनातल्या मनात मी तिचा चेहराही बघून घेतला, मी गेटवर फाइल देताना कसा दिसेल तो. लाज वाटते सांगायला, पण पोरगी अडचणीत आहे याचा त्या अर्ध्या तासात मला आनंद झाला होता.

गेटवर काचेची इमारत, कडक कपड्यातला वॉचमन. त्यानं हात आडवा केला, मग माझ्याकडे निरखून बघितलं.

"साहेब? तुमी? मी शिंदे. प्रेस शॉपचा."

आमच्याच कारखान्यातला शिंदे! दोनशे टनी प्रेस चालवायचा. आता दोरी ओढून दांडा वर करत होता. त्याचं वावर, म्हणजे शेत, याच भागातलं, ते या इमारतींखाली गेलं, कारखानाही गेला. "बरंय हितं," तो म्हणाला. "बसून काम हाय. साहेब, दिवसपाळीला एक जागा हाय बगा. बोलू का?"

"मी मुलीची फाइल द्यायला आलोय," मी जरा ताठ होऊन म्हणालो. "अर्जंट आहे. फाइलशिवाय तिचं अडलं असेल."

शिंदेनं रजिस्टर पुढं केलं. येणाऱ्याचं नाव, येण्याचं कारण. मी ठळक अक्षरात लिहिलं : अत्यावश्यक. त्यानं आत फोन लावला, नाव सांगितलं, थांबला, ऐकलं. मग फोन ठेवून तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "साहेब, म्याडम टायमावर आत गेल्या. फाइल नको म्हणाल्या. ओरिजिनल त्यांच्या पर्समदीच हायती. तुमी घरी जावा म्हणाल्या, उनात थांबू नका."

मी फाइल उघडली. वरचं पान, मधलं पान, शेवटचं पान. सगळी झेरॉक्स. चांगल्या कागदावर, रंगीत.

शिंदेनं मला चहा पाजला. मी नको म्हटलं नाही.

संध्याकाळी अश्विनी पेढे घेऊन आली. नोकरी मिळाली होती! मंगलनं तिची दृष्ट काढली, गजानन पेढ्यांचा अर्धा बॉक्स घेऊन वर गेला. मग मी विचारलं, "ओरिजिनल पर्समध्ये होती, तर मग मला फाइल का दिलीस?"

"तुम्हाला काहीतरी न्यायचं होतं ना बाबा," ती पेढा खात म्हणाली. "आणि तुम्हीच शिकवलंत की. बंद पडायच्या आधीच सोय करून ठेवायची. काय म्हणता तुम्ही त्याला? प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स!"

ती हसली, मंगल हसली, मीही हसलो. मग खाली जाऊन बॉनेट उघडलं आणि उगाचच ऑइल बघत बसलो. ऑइल बरोबर होतं.

आता सकाळी सातला कंपनीची बस गल्लीच्या तोंडाशी येते आणि अश्विनीला घेऊन जाते. बसला चोक नाही, तिला कोणी गोधडीही घालत नाही. आमची यादी मात्र अजून चालू आहे. बोळ्याला आता लाल दोरी बांधलेली असते. बॅटरी पाटावर, प्लग बिडाच्या तव्यावर, टोपी डोक्यावर. गाडी रोज पहिल्या झटक्यात सुरू होते. दहा मिनिटं चालू ठेवतो, दामल्यांना ऐकू जाईल अशी, आणि मग बंद करतो.

परवा मंगलनं यादीच्या शेवटी स्वतःच्या अक्षरात एक कलम वाढवलंय : 'गाडी घेऊन कुठं जायचं?' त्या एका चौकोनावर अजून टिक करता आलेली नाही. बाकीच्या सगळ्यांवर मी संध्याकाळीच करून ठेवतो.